ग्राफिक्स कार्डाची पातळी

मी आजवर कुठलीही वस्तू महाग घेतलेली नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो. छत्री मी पावसाळा संपल्यावर घेतो, पंखा थंडीत घेतो आणि स्वेटर भर उन्हाळ्यात. यात पावसाळाभर भिजावं लागतं ही बाब वेगळी! पण भिजलेल्या माणसाला आपण फसलो नाही याचं समाधान असतं, ते कोरड्या माणसाला मिळत नाही.

हा गुण माझ्यात नोकरीमुळे आला. मी पाणी मोजण्याच्या खात्यात आहे. गावाला पाणी पुरवणारा जो तलाव आहे, त्याची पातळी रोज नोंदवायची आणि चौकोनांच्या कागदावर तिची रेघ काढायची, हे माझं काम. सतरा वर्षं मी ती रेघ काढतोय. चढलेलं पाणी उतरतं हे मी सतरा वेळा डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे चढलेली कुठलीही गोष्ट थोडं थांबलं की उतरते, असं माझं ठाम मत झालंय. साहेबांचा पारा, सासूबाईंचा रक्तदाब, टोमॅटोचा भाव, सगळं उतरतं. फक्त माणसाला थांबता आलं पाहिजे, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

आमचं मोजणंही वरवरचं नसतं. पातळी एकानं बघून चालत नाही. तिघांनी बघायची, तीन वेगळ्या वेळी, एकमेकांना न सांगता, आणि मग सरासरी काढायची. "एकानं पाहिलं तर ते त्याचं मत," असं आमचे साहेब म्हणतात. "तिघांनी पाहिलं तर ती नोंद." मोजपट्टी तलावाच्या मध्यावर एका खांबाला ठोकलेली आहे. तिथवर मोटरबोटीनं जायचं, पण खांब पन्नास हातांवर आला की मोटर बंद करायची, वल्ह्यानं हळूहळू सरकायचं आणि पाणी शांत होईपर्यंत दहा मिनिटं गप्प बसायचं. नाहीतर आपल्याच बोटीच्या लाटा पट्टीवर चढतात आणि आकडा खोटा येतो. ही दहा मिनिटं मला फार आवडतात. पगार घेऊन थांबायला मिळणं हे भाग्यच.

तर एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, मला नवीन ग्राफिक्स कार्ड लागणार."

बायको घरांची चित्रं काढते. म्हणजे घर बांधायच्या आधी, बांधून झाल्यावर ते कसं दिसेल हे कॉम्प्युटरवर उभं करून दाखवते. बारा वर्षं तिनं एका मोठ्या कंपनीत ही चित्रं काढली आणि बारा वर्षं त्यांच्याखाली दुसऱ्याचं नाव लागलं. दोन महिन्यांपूर्वी तिनं नोकरी सोडली आणि आमच्या जेवायच्या टेबलावर स्वतःचं ऑफिस थाटलं. तेव्हापासून आम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानं जेवतो. तिला पहिलं काम मिळू घातलं होतं ते दातांच्या एका डॉक्टरबाईंचं. बाईंना नवा दवाखाना बांधायचा होता आणि त्यांचा प्रश्न एकच होता. खुर्चीत आडव्या पडलेल्या पेशंटच्या डोळ्यांवर दुपारी चार वाजता ऊन येईल का?

आत्ताच्या दवाखान्यात येतं म्हणे. डोळ्यांवर ऊन आलं की पेशंट डोळे मिटतो. बाईंना वाटतं, दुखलं. त्या म्हणतात, "दुखलं का?" पेशंट उत्तर द्यायला तोंड हलवतो आणि बाईंचं बोट दातांखाली येतं. सहा वर्षांत चारदा चावून झालंय.

म्हणजे बायकोला नुसतं चित्र काढून भागणार नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून ऊन कसं सरकतं ते चालतंफिरतं दाखवायचं होतं. दिवस ठरला होता, तीन आठवड्यांनंतरचा शनिवार, सकाळी अकरा. आणि त्याच कामासाठी बाईंनी बायकोच्या जुन्या कंपनीला त्यापुढच्या सोमवारी बोलावलं होतं.

"मग तुझ्या कॉम्प्युटरवर होत नाही का ते?" मी विचारलं.

"जुनं कार्ड एका चित्राला सात तास घेतं. आणि वर भिंतीवर हिरवे पट्टे काढतं. मी सांगितलेले नसताना."

"पण हे कार्ड करतं तरी काय नेमकं?"

बायकोनं मला खिडकीशी नेलं. "हे ऊन बघा. खिडकीतून आलं, फरशीवर पडलं. फरशीवरून थोडं भिंतीवर गेलं, भिंतीवरून छतावर, छतावरून तुमच्या नाकावर. म्हणून तर नाक दिसतंय. असा एकेक किरण कुठून निघाला, कुठे आपटला आणि पुढे कुठे गेला, हे सगळं कार्ड शोधून काढतं."

"एकेक किरण?"

"एकेक. एका चित्रात कोट्यवधी."

मी थक्क झालो. आम्ही एका तलावाची एक पातळी काढायला तीन माणसं, एक बोट आणि आख्खा दिवस घालवतो. पुढची दहा मिनिटं मी फरशीवरचं ऊन भिंतीवर जाताना दिसतं का, ते बघत बसलो. नाही दिसलं, पण भिंत उजळलेली होती हे खरं. सतरा वर्षं त्या भिंतीसमोर चहा पितोय, कधी मनातही आलं नव्हतं!

"मग उद्या आणू ना?" बायको म्हणाली.

"भाव काय आहे?"

तिनं कॉम्प्युटरवर बघून भाव सांगितला. मी खाली बसलो. गेल्या वर्षी केवढ्याला होतं तेही तिनं सांगितलं. मी उठून उभा राहिलो.

"अगं, चढलंय ते! चढलेल्या भावात कुणी घेतं का? थांब. उतरेल."

"कधी?"

"ते मोजल्याशिवाय कसं सांगणार?"

बायकोनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला माझ्या छत्रीचा अनुभव आहे. "ठीक आहे," ती म्हणाली. "चढउताराचं तुम्हाला कळतं. पण शनिवारच्या आधीच्या मंगळवारी कार्ड माझ्या हातात पाहिजे. चित्रं व्हायला तीन दिवस लागतात. मंगळवार चुकला की काम गेलं, आणि मी परत त्या कंपनीत."

तसं झालं तर निदान बसून जेवता येईल, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

ते कार्ड गावात एकाच दुकानात होतं. बाहेरून मागवायचं तर महिना लागत होता. दुकानाच्या मालकांना सगळे चष्मेवाले म्हणतात, कारण त्यांचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असतो. काचेवर पाटी होती, "भाव फोनवर विचारावा." मी सोमवारी सकाळी आठ वाजता फोन केला, आवाज ओळखू येऊ नये म्हणून दोनदा खोकलो आणि भाव विचारला. मग फ्रिजवर चौकोनांचा कागद चिकटवला आणि पहिला ठिपका दिला. चाळिसावा चौकोन.

पण एकानं विचारलं तर ते त्याचं मत. नोंद हवी तर तिघं हवेत. पहिला मी. दुसऱ्या आमच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या बाई. तिसऱ्या सासूबाई. त्या आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात आणि त्यांना फोन करायला आवडतं. सकाळी आठला मी, बाराला नकाशेवाल्या बाई, संध्याकाळी पाचला सासूबाई. एकमेकांना सांगायचं नाही, मला येऊन सांगायचं.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पाऊण तास घेतला.

"आई, नुसता भाव विचारायचा होता."

"अहो जावईबापू, नुसता भाव विचारला तर त्याला संशय नाही का येणार? मी शाळेची मुख्याध्यापिका आहे म्हणून सांगितलं. मग विचारलं, त्या कार्डाला पंखे तीन कशाला? आमच्या वर्गाला एक पुरतो. तो म्हणाला, थांबा मोजून सांगतो. मोजले त्यानं. तीनच आहेत."

"आणि भाव?"

"तो राहिला बघा."

बुधवारी ठिपका एकेचाळिसाव्या चौकोनावर गेला, शुक्रवारी त्रेचाळिसाव्या. मी खूष झालो. पाणी चढत असताना माझे हात शिवशिवतात. बायको फ्रिजसमोर उभी राहून म्हणाली, "हे तर वर चाललंय."

"वर गेल्याशिवाय खाली कसं येणार?"

"आणि मंगळवार?"

"खूप वेळ आहे गं."

पण का चढतंय, हे मला कळेना आणि मला चैन पडेना. तलावाचं कळतं. डोंगरात पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी पाणी चढतं. या कार्डाचा डोंगर कुठे होता? मी भेटेल त्याला विचारू लागलो. न्हावी म्हणाला, माल घेऊन येणारं जहाज कुठेतरी अडकलंय. बँकेतला कॅशियर म्हणाला, हल्ली विचार करणारी यंत्रं निघालीत, ती सगळी कार्डं खातात. नकाशेवाल्या बाई म्हणाल्या, "नवीन मॉडेल येतंय म्हणे. ते आलं की हे मातीमोल होईल. थांबाच तुम्ही." हे मला सगळ्यांत पटलं. थांबायला सांगणारी माणसं मला नेहमीच पटतात.

दुसऱ्या आठवड्यात ठिपका पन्नाशीला टेकला. मी कागद ऑफिसात नेला, तो साहेबांनी पाहिला. त्यांनी तो उजेडात धरला आणि भुवया वर केल्या.

"ही कुठल्या तलावाची रेघ?"

"तलाव नाही साहेब. ग्राफिक्स कार्ड."

"पाणी असो नाहीतर कार्ड, रेघ ती रेघ. ही सरळ पुराची रेघ आहे. दिवसातून किती नोंदी घेता?"

"तीन."

साहेबांनी चष्मा काढला. "पुरात तीन? पुरात आपण किती घेतो?"

मी मान खाली घातली. पुरात आम्ही दर तासाला तीन घेतो. नियमच आहे तसा. सतरा वर्षं पाळलेला नियम मी घरच्या कामात विसरलो, याची मला मनापासून लाज वाटली.

साहेबांनी स्वतः पाळ्या लावून दिल्या. ऑफिसातली अकरा माणसं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, दर तासाला तिघं. तलावात तेव्हा हालचाल नव्हती आणि सगळे कंटाळलेलेच होते. बोटवालाही पाळीत होता. त्याला रेंज फक्त तलावाच्या मध्यावर मिळायची, म्हणून तो तिथून फोन करायचा. कारकून सर्दी झालेल्या आवाजात बोलायचा. टपाल बघणाऱ्या बाई दर वेळी वेगळं आडनाव सांगायच्या. सगळ्यांना वेड लागलं. चहाच्या वेळी दुसरं बोलणं नाही. "आत्ताचा किती?" "सत्तावन्न." "दुपारपर्यंत साठ बघ."

आणि खरोखर साठ झाला! आम्ही जेवढ्या बारकाईनं मोजत होतो, तेवढा तो पठ्ठ्या वर जात होता. शनिवारी चौसष्ट. सोमवारी अडुसष्ट. फ्रिजवरचा कागद संपला, तेव्हा मी वर दुसरा जोडला.

त्या संध्याकाळी बायको फ्रिज उघडायला आली. तिला दूध काढायचं होतं, पण ती दार न उघडता कागदाकडे बघत उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "मला राग नाही आला. पण खरं सांगते, मला भीती वाटतेय. बारा वर्षांनी पहिल्यांदा चित्राखाली माझं नाव लागणार आहे."

आत्तापर्यंत मी त्या कागदावर भाव बघत होतो. ती मात्र त्यावर मंगळवार बघत होती. आणि मंगळवार उद्यावर आला होता.

"उद्या आणतो," मी म्हणालो. "चढलेलं असो नाहीतर पडलेलं."

मंगळवारी दुपारी एकला मी रजा टाकून दुकानात गेलो. आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. टेबलावर जुना काळा फोन, नंबर न दिसणारा. मागे भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्याच्या प्रत्येक तारखेच्या घरात पेन्सिलीनं उभ्या रेघा मारलेल्या होत्या. काही घरांत इतक्या दाट की तारीख दिसत नव्हती.

"ते ग्राफिक्स कार्ड द्या," मी म्हणालो.

चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर. "विकायचं नाही."

"विकायचं नाही? दुकानात ठेवलंय की!"

"ठेवलंय. पण आत्ता नाही विकणार. थांबतोय मी. चढतंय ना ते."

मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखा माणूस पाहिला. तो मला आवडला नाही.

"कशावरून चढतंय म्हणता?" मी विचारलं. खरं तर मी घाईत होतो, पण गेले दोन आठवडे ज्या प्रश्नानं डोकं पोखरलं होतं, तो असा समोर आला तर सोडवत नाही.

चष्मेवाले खुलले. त्यांनी मला स्टूल दिलं. "ही माझी स्वतःची पद्धत. एखाद्या वस्तूला दिवसात जेवढे विचारणारे, तेवढ्या रेघा मारायच्या. रेघा वाढल्या की भाव वाढवायचा, थांबल्या की उतरवायचा. तीस वर्षांत कधी चुकली नाही. आता हे कार्ड बघा. आठ महिने धूळ खात पडलं होतं. एक रेघ नाही. मी कंटाळून भाव उतरवायचं ठरवलं. त्याच सोमवारी. चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली होती, ही बघा." चिठ्ठीवर जो आकडा होता, तो माझ्या कागदावर पंचविसावा चौकोन झाला असता. "चिठ्ठी काचेला लावायला उठलो आणि बरोबर आठ वाजता फोन आला. एक खोकणारा माणूस होता."

मला नेमका तेव्हाच खोकला आला. तो मी दाबला.

"म्हटलं, थांबावं जरा. तर बाराला एक बाई. पाचला एका शाळेच्या मुख्याध्यापिका! फार चौकस. त्यांनी मला पंखे मोजायला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काय, दुसऱ्या आठवड्यात तर झुंबड उडाली. दर तासाला तीन फोन! सगळे घाईत, भाव ऐकला की ठेवून देतात. आणि एक तर," त्यांनी आवाज खाली आणला, "जहाजावरून करतो."

"जहाजावरून?"

"मागे पाण्याचा आवाज येतो ना. मोटर चालू असते. म्हणजे मागणी पार समुद्रापलीकडे गेलीय. मी कालच आणखी बारा कार्डं मागवली. तातडीनं पाठवतायत, शनिवारपर्यंत येतील."

मी त्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. ते कॅलेंडर आणि माझा फ्रिजवरचा कागद शेजारी ठेवले असते, तर दोन्हीकडची चढण सारखीच दिसली असती. मी ज्या डोंगराचा पत्ता गावभर विचारत होतो, तो डोंगर रोज सकाळी आठला खोकत होता!

"मालक," मी म्हणालो, "तो खोकणारा मी."

"असं का? मग तुमचा पहिला हक्क. पण रविवारनंतर या."

"तसं नव्हे. ते सगळेच मी आहे. म्हणजे माझी माणसं आहेत. घ्यायचं कुणालाच नाही. घ्यायचं फक्त मला आहे. बाकीचे मोजत होते."

"काय मोजत होते?"

"भाव."

"कशाला?"

याचं उत्तर मी दिलं. तिघांच्या नोंदी, सरासरी, पुराचा नियम, सगळं सांगितलं. चष्मेवाले हसले. "स्वस्तात पदरात पाडायला काय काय गोष्टी रचतात माणसं! आख्खं सरकारी खातं कामधाम सोडून मला फोन करतं म्हणे."

आता आली का पंचाईत! सगळ्या खोट्या फोनांवर ज्यानं विश्वास ठेवला, तो माझ्या एका खऱ्या गोष्टीवर ठेवीना. घड्याळात दोनला दहा कमी होते. बायकोचा मेसेज आला, "आणलंत?" मी तसाच साहेबांना फोन लावला आणि म्हणालो, "साहेब, नोंदी थांबवा. सगळ्यांच्या. आत्ताच्या आत्ता."

"पूर ओसरला?"

"ओसरेल. बोटवाल्यालाही सांगा."

मग मी चष्मेवाल्यांना म्हणालो, "दोन वाजता तीन फोन यायला हवेत. बरोबर?"

"रोज येतात."

"आज येणार नाहीत. बसू आपण."

आम्ही दोघं त्या काळ्या फोनकडे बघत बसलो. तलावावर बसतो तसेच, हालचाल न करता. दोन वाजले. दोन वाजून पाच झाले. फोन गप्प होता. चष्मेवाल्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावून पाहिला आणि परत ठेवला. दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या हातातली पेन्सिल खाली आली.

आणि फोन वाजला!

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी रिसीव्हर उचलला. "हॅलो? हां हां, नमस्कार मुख्याध्यापिकाबाई!" त्यांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. "आज लवकर केलात? काय म्हणता, पंख्यांवर धूळ बसली तर काय करायचं?"

मी हात पुढे करून रिसीव्हर घेतला. "आई, मी बोलतोय."

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू? तुम्ही तिथे काय करताय? बरं, गेलाच आहात तर भाव विचारून घ्या, माझा रोज राहतो."

त्यांचा आवाज चांगला खणखणीत आहे. चष्मेवाल्यांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. तसे ते एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "जहाज नाही?"

"बोट आहे. तलावातली."

"आणि माझी बारा कार्डं?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे भाव आता उतरणार."

"उतरणार," मी म्हणालो. "रविवार-सोमवारपर्यंत धाडकन."

सतरा वर्षं मी उतारांचे अंदाज बांधत आलो. शंभर टक्के खात्रीनं असं मी आयुष्यात एकदाच सांगू शकलो, आणि नेमकं त्या दिवशी मला थांबता येत नव्हतं. माझ्या आतला छत्रीवाला माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता. पण डोळ्यांसमोर बायको येत होती, फ्रिजचं दार न उघडता उभी राहिलेली.

"द्या बांधून," मी म्हणालो. "पण मालक, हा भाव खोटा आहे हे तुम्हालाही आता कळलंय. जरा कमी करा."

"भाव खोटा असेल," चष्मेवाले खोकं पुसत म्हणाले, "पण वर कुणी नेलाय? ज्यानं नेलाय त्यानंच तिथून घ्यावा."

अडुसष्टाव्या चौकोनावर, पुराच्या ऐन टोकाला, मी ते कार्ड घेतलं. परत जाताना वाटेत बोटवाला भेटला. त्याला सगळं सांगितलं, तर तो जरा विचार करून म्हणाला, "भाऊ, आपण मोटर बंद करायची विसरलो."

बायकोनं कार्ड बसवलं. हिरवे पट्टे गेले. भिंती उजळल्या. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "भाव का चढत होता, ते कळलं का शेवटी?"

"कळलं."

"का?"

"एक माणूस फार चौकशी करत होता."

बायकोनं पेन्सिल घेतली, फ्रिजपाशी गेली आणि सगळ्यांत वरच्या ठिपक्याभोवती एक गोल काढला.

शनिवारी अकरा वाजता डॉक्टरबाई आल्या. मी चहा देण्याच्या निमित्तानं तिथेच घुटमळत होतो. पडद्यावर दवाखान्यात सकाळ झाली. ऊन खिडकीतून उतरलं, फरशीवरून सरकलं, टेबलावरच्या काचेच्या ग्लासातून गेलं. चार वाजले आणि ते बरोबर खुर्चीतल्या पेशंटच्या डोळ्यांवर आलं. डॉक्टरबाईंनी नकळत बोट मागे घेतलं. मग बायकोनं पडद्यावरची खुर्ची वीतभर फिरवली आणि पुन्हा चार वाजवले. ऊन पेशंटच्या गुडघ्यांवर पडलं. बाई कितीतरी वेळ त्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

"सोमवारच्या लोकांना मी नको म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "काम तुमचंच."

टेबलाआड बायकोनं माझा हात इतका घट्ट दाबला की दुसऱ्या हातातला चहाचा कप हलला.

"फक्त एक अडचण आहे," बाई पुढे म्हणाल्या. "आमचे भावजी म्हणतात, आत्ता बांधू नका. सिमेंट चढलंय. थोडं थांबलं तर उतरेल. ते फार बारकाईनं लक्ष ठेवून आहेत. ठेवीन म्हणते वर्षभर तहकूब."

बायकोचा हात सैल पडला. वर्षभर तहकूब म्हणजे ते काम गेल्यातच जमा होतं. मला गप्प बसायला सांगितलेलं होतं, पण राहवलं नाही.

"बारकाईनं म्हणजे कसं?" मी विचारलं.

"गावातल्या सगळ्या दुकानांत रोज दोनदा फोन करून भाव विचारतात. वहीत लिहून ठेवतात. मित्रांनाही करायला लावतात."

"त्यांना म्हणावं, आठवडाभर फोन करू नका," मी म्हणालो. "आणि मग एकदाच, हळूच जाऊन बघा."

डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. "यांना यातलं कळतं का?"

"आता कळतं," बायको म्हणाली.

नऊ दिवसांनी बाईंचा फोन आला. सिमेंट बऱ्यापैकी उतरलं होतं, पाया खणायला माणसं ठरली होती. आता बायकोचं नाव लागलेलं पहिलं चित्र जेवायच्या टेबलावर उभं आहे आणि आम्ही अजूनही ओट्यापाशीच जेवतो.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी ऑफिसला जाताना चष्मेवाल्यांच्या दुकानावरून गेलो. काचेत बारा कार्डांची खोकी रचलेली होती आणि पाटीवर या खेपेला भाव खडूनं लिहिलेला होता. माझ्या कागदावर तो तिसाव्या चौकोनावर आला असता. मी कुणालाही काही विचारलं नाही. नुसतं वाचलं, तेही चालता चालता, मान फारशी न वळवता.

तरी आतून चष्मेवाल्यांनी हात केला आणि वळून कॅलेंडरवर एक रेघ मारली. संध्याकाळी परत येताना पाटीवरचा भाव एकतिसाव्या चौकोनावर गेला होता.